ऑक्सफर्डचा 'वर्षाचा शब्द' : विकिपीडियासाठीचा लेख नीट करायचा आहे (सातारा-सांगलीकरांनो, हातभार लावा)

पोवईनाका (सातारा)
१४ डिसेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात एक लहानशी अभ्यासिका चालवतो. माण, खटाव, कोरेगाव, जावळी अशा तालुक्यांतली मुलंमुली स्पर्धा परीक्षांच्या तयारीला इथं बसतात. चालू घडामोडींच्या सराव प्रश्नांत डिसेंबर-जानेवारीत एक प्रश्न ठरलेला असतो: ऑक्सफर्डने यंदाचा 'वर्ड ऑफ द इयर' म्हणून कोणता शब्द निवडला? यंदाचं, म्हणजे २०२५ चं, उत्तर 'रेज बेट', गेल्या वर्षीचं 'ब्रेन रॉट', त्याआधीचं 'रिझ'. मुलं पाठ करतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

गाडी अडते ती २०२० वर. एका नोट्समध्ये उत्तर 'पँडेमिक', दुसरीत 'लॉकडाऊन', तिसरीत 'कोरोनाव्हायरस', आणि तिन्हींवर नाव ऑक्सफर्डचंच. वास्तविक 'पँडेमिक' हा अमेरिकेतल्या मेरियम-वेबस्टर कोशाचा शब्द. 'लॉकडाऊन' कॉलिन्सचा. ऑक्सफर्डने त्या वर्षी एकही शब्द निवडला नाही. ते वर्ष एका शब्दात बसत नाही असं सांगून त्यांनी बुशफायर, लॉकडाऊन, ब्लॅक लाइव्हज मॅटर अशा अनेक शब्दांचा मिळून एक अहवाल काढला. तिसऱ्या नोट्समधला 'कोरोनाव्हायरस' कुठून आला ते कुणी सांगितलं तर बरं होईल.

पोरांनी इतकी मेहनत करायची आणि हाताशी असलेली माहितीच अशी सरमिसळ झालेली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून आम्ही मराठी विकिपीडियासाठी एक लेख धूळपाटीवर, म्हणजे तिथल्या कच्च्या लेखनाच्या पानावर, घेतला आहे. सध्या तो नुसता सांगाडा आहे. इंग्रजीवरून यंत्राने केलेलं भाषांतर, वर चार ओळी, खाली वर्ष आणि शब्द असा दोन रकान्यांचा तक्ता. भाषांतरयंत्राने शब्दांचंही भाषांतर करून टाकलंय. २०१८ पुढे 'विषारी' असं लिहिलंय. निवडलेला शब्द 'टॉक्सिक' होता, हे वाचणाऱ्याला कळायला काही मार्गच नाही. २००५ पुढे 'सुडोकू' आणि 'पॉडकास्ट' शेजारी शेजारी आहेत आणि दोन शब्द का, याचा खुलासा नाही. २०१५ चा रकाना कोरा, कारण तिथं शब्द नव्हताच, आनंदाश्रूंचा चेहरा असलेली इमोजी होती.

माझं मत आधीच सांगतो. या लेखाचा जीव तक्त्यात नाही. कोण निवडतं, कशाच्या आधारे निवडतं, निवड कधी जाहीर होते, या तीन गोष्टी स्पष्ट झाल्या तर तक्ता आपोआप नीट लागेल. त्या नसतील तर तक्ता कितीही दुरुस्त केला तरी पुढच्या वर्षी पुन्हा तोच घोळ. ज्यांना इंग्रजी कोशांची माहिती आहे, ज्यांनी विकिपीडियावर काम केलंय, त्यांनी कृपया लिहा. वाईची मंडळी इथं आहेत हे मला ठाऊक आहे, त्यांची विशेष वाट बघतोय.

खटावची_लेक
१४ डिसेंबर, रात्री ९:५२

सर, मी अभ्यासिकेतलीच आहे, तुम्ही ओळखाल. तुमचं म्हणणं पटतं, पण आमची बाजूही मांडते. परीक्षेच्या आधी दोन दिवस लेख उघडणाऱ्याला वर्ष आणि शब्दच हवा असतो. निवड कशी होते याचे पाच परिच्छेद वर आले तर तो खाली जाणारच नाही, पुन्हा कुठलीतरी पीडीएफ उघडेल. तेव्हा प्रस्तावना छोटी, लगेच तक्ता, आणि बाकीचं खाली, असं करता येईल का? आणि तक्त्यात 'कोणी निवडला' असा रकाना ठेवा. आमची सगळी गफलत तिथंच होते.

जतकर
१४ डिसेंबर, रात्री १०:०५

वाचतोय. चांगला धागा.

आयर्विन (सांगली)
१४ डिसेंबर, रात्री ११:३१

पोवईनाका सर, विषय माझ्या आवडीचा आहे. सांगलीत इंग्रजी शिकवतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी 'ऑक्सफर्ड' म्हणजे कोण ते लेखात स्पष्ट करा. आपल्या डोळ्यासमोर येते ती ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, म्हणजे १८८४ पासून भागाभागाने निघालेला आणि १९२८ ला पुरा झालेला थोरला ऐतिहासिक कोश. वर्षाचा शब्द तो कोश जाहीर करत नाही. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसचा 'ऑक्सफर्ड लँग्वेजेस' हा विभाग करतो, ज्याचं आधीचं नाव ऑक्सफर्ड डिक्शनरीज होतं. आणि त्याच प्रेसचा मुलांसाठीचा 'चिल्ड्रन्स वर्ड ऑफ द इयर' वेगळा असतो. तुमच्या तिसऱ्या नोट्समधला 'कोरोनाव्हायरस' तिथला, २०२० चा. प्रकाशक तोच, उपक्रम निराळा. लेखात यासाठी एक ओळ हवीच.

आता निवडीची रीत. ऑक्सफर्डकडे चालू इंग्रजीचा प्रचंड मोठा संग्रह असतो, त्याला कॉर्पस म्हणतात. बातम्या आणि इतर लेखनातून त्यात सतत भर पडत असते. एखाद्या शब्दाचा वापर अचानक वाढला की तो तिथं दिसतो. त्यातून संपादक काही शब्द निवडतात आणि त्या वर्षाची मनःस्थिती, चिंता किंवा चर्चा ज्यात उतरली आहे, शिवाय पुढेही टिकून राहण्याची शक्यता आहे, असा शब्द ठरवतात. शब्द त्याच वर्षी जन्मलेला असला पाहिजे अशी अट नाही. 'ब्रेन रॉट'चा पहिला नोंदलेला वापर १८५४ मधला, अमेरिकन लेखक थोरो यांच्या 'वॉल्डन' या पुस्तकात आहे. 'सेल्फी' २०१३ साली निवडला गेला, पण तो २००२ मध्ये एका ऑस्ट्रेलियन ऑनलाइन चर्चेत सापडतो.

लोकांचं मत त्यात उशिरा आलं. २०२२ ला पहिल्यांदा तीन पर्याय लोकांपुढे ठेवले. 'गॉब्लिन मोड', 'मेटाव्हर्स' आणि 'आय स्टँड विथ' हा हॅशटॅग. तीन लाखांवर मतं पडली आणि त्यातली ९३ टक्के 'गॉब्लिन मोड'ला. त्या वर्षीचा निकाल निखळ लोकमताचा म्हणता येईल. पुढच्या वर्षी रीत बदलली. २०२३ ला लोकांच्या मतांनी आठातले चार शब्द उरले, 'रिझ', 'स्विफ्टी', 'सिच्युएशनशिप' आणि 'प्रॉम्प्ट', आणि त्यातून 'रिझ' हा कोशकारांनी ठरवला. २०२४ ला सहा शब्दांवर ३७ हजारांहून जास्त मतं आली, पण मतं, लोकांमधली चर्चा आणि वापराचे आकडे असं सगळं मिळून निर्णय झाला. म्हणजे 'लोकांनी निवडलेला शब्द' हे वाक्य २०२२ ला लागू आहे, २०१३ ला नाही, आणि २०२४ ला अर्धंच. सरसकट कुठलंच एक वाक्य लिहू नका.

मेरियम-वेबस्टरचं माप निराळं. त्यांच्या संकेतस्थळावर लोकांनी कुठल्या शब्दाचा अर्थ नेहमीपेक्षा फार जास्त वेळा शोधला, ते ते बघतात. म्हणून त्यांच्या यादीत जुनेजाणते शब्द दिसतात: २०१६ ला 'सररियल', २०१७ ला 'फेमिनिझम', २०१८ ला 'जस्टिस', २०१९ ला 'दे' हे साधं सर्वनाम. एक कोश लोक काय लिहितात ते मोजतो, दुसरा लोकांना काय समजून घ्यायचंय ते मोजतो. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या की हा फरक लख्ख दिसतो, आणि मला तर या साऱ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. आपल्या लेखात त्यावर एक परिच्छेद झालाच पाहिजे.

हळदबाजार (सांगली)
१५ डिसेंबर, सकाळी ७:२०

आयर्विन सर, सुंदर माहिती. मी हिशेबाचा माणूस, म्हणून टक्क्यांवर बोलतो. मसुद्यात लिहिलंय, 'सेल्फी'चा वापर १७,००० टक्क्यांनी वाढला, 'पोस्ट-ट्रुथ'चा सुमारे २,००० टक्के, 'यूथक्वेक'चा ४०१ टक्के, 'ब्रेन रॉट'चा २३० टक्के. हे आकडे ऑक्सफर्डने दिलेले आहेत, चूक नाहीत. पण एकाखाली एक मांडले की वाचणाऱ्याला वाटणार, 'सेल्फी' सगळ्यात मोठा आणि 'ब्रेन रॉट' अगदी किरकोळ. गेल्या साली ज्या मालाचं एकच पोतं अडतीत आलं त्याची यंदा दहा आली तर वाढ ९०० टक्के, आणि हजार पोत्यांची दोन हजार झाली तर वाढ शंभरच टक्के. बाजार कशाने भरला ते टक्का सांगत नाही.

म्हणून टक्केवारी तक्त्यात नकोच. त्या त्या शब्दाच्या परिच्छेदात लिहा, आणि प्रत्येक वेळी दोन गोष्टी सोबत हव्यात: कोणत्या काळाशी तुलना केली, आणि हे कोणी सांगितलं. 'ऑक्सफर्डच्या म्हणण्यानुसार २०२३ ते २०२४ या काळात' एवढं लिहिलं की काम झालं.

अजिंक्यपायथा (सातारा)
१५ डिसेंबर, सकाळी ११:४५

मराठी विकिपीडियावर बरीच वर्षं संपादन करतोय. धूळपाटीवरचा मसुदा पाहिला. लेख मुख्य नामविश्वात, म्हणजे सगळ्या वाचकांना दिसणाऱ्या लेखांत, नेण्याआधी काही गोष्टी करायलाच लागतील.

भाषांतरापासून सुरुवात करतो. इंग्रजी लेखावरून मजकूर घेतला असेल तर संपादन सारांशात तसं लिहून मूळ लेखाचा दुवा द्या. तिथला मजकूर मुक्त परवान्याखाली आहे, वापरायला हरकत नाही, पण श्रेय दिलंच पाहिजे. शब्दांच्या व्याख्यांचं तसं नाही. त्या ऑक्सफर्डच्या मालकीच्या आहेत, त्यांचं शब्दशः भाषांतर टाकू नका. अर्थ आपल्या शब्दांत, एका वाक्यात सांगा. शब्द मात्र देवनागरीत जसाच्या तसा ठेवायचा, 'टॉक्सिक' म्हणजे 'टॉक्सिक'. स्वतः प्रतिशब्द घडवून तो तक्त्यात घालणं हे आपलं संशोधन झालं, आणि मूळ संशोधन विकिपीडियावर चालत नाही.

मग संदर्भ. कोणता शब्द निवडला आणि कधी जाहीर केला, एवढ्यापुरता ऑक्सफर्डचा स्वतःचा मजकूर संदर्भ म्हणून चालेल. पण 'ही निवड जगभर गाजली', 'या शब्दाने काळ टिपला' असली वाक्यं प्रसिद्धिपत्रकावरून घेता येणार नाहीत. त्यासाठी त्यांच्याशी संबंध नसलेलं वृत्तपत्र किंवा अभ्यास लागतो. नसेल तर वाक्य काढा. मी मसुद्यात अशी वाक्यं मोजायला घेतली आणि अर्ध्यात सोडून दिली. त्यांच्या जाहिरातीची भाषा आपल्या लेखात नको. परक्या भाषेतल्या उत्साहाचं भाषांतर करत बसलो तर आपला वाचक कायम दुसऱ्याच्याच नजरेनं बघत राहील.

तक्त्याचं असं करू. २००४ ते २०१२ पर्यंत ब्रिटन आणि अमेरिका असे दोन रकाने, कारण त्या काळात दोन्हीकडचे शब्द बहुधा वेगळे असायचे. २००७ ला ब्रिटनमध्ये 'कार्बन फूटप्रिंट', अमेरिकेत 'लोकाव्होर'. २००९ ला इकडे 'सिंपल्स', तिकडे 'अनफ्रेंड'. २०१२ ला 'ऑम्निशॅम्बल्स' आणि क्रियापद म्हणून 'गिफ'. मधलं २०११ एकटं अपवाद, 'स्क्वीझ्ड मिडल' दोन्हीकडे एकच, तिथं रकाने जोडून घ्या. २०१३ च्या 'सेल्फी'पासून एकच रकाना. २०२० ची ओळ कोरी ठेवायची नाही, 'एकच शब्द निवडला नाही' असं लिहून तळटीप. खटावच्या ताईंनी 'कोणी निवडला' हा रकाना सुचवलाय, पण हा लेख ऑक्सफर्डपुरता असेल तर तो प्रत्येक ओळीत तोच येईल. त्याऐवजी तक्त्याच्या वर एक ठळक ओळ देऊ: इतर कोशांचे शब्द या यादीत नाहीत. आणि 'वर्षाचा शब्द' या व्यापक कल्पनेवर वेगळा लेख, तिथं सगळे कोश.

माणदेशी
१५ डिसेंबर, दुपारी २:१५

मंडळी, सगळं वाचलं. लई चांगलं चाललंय. पण एक मनातलं बोलू का? आपण इथं बसून इंग्रजांच्या शब्दांचे तक्ते लावतोय, मग मराठीचा वर्षाचा शब्द कुठाय? ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मग एवढं पण व्हायला नको? ह्याच लेखात शेवटी 'मराठी वर्षशब्द' असा विभाग काढा, इथं धाग्यावर मतं घ्या आणि टाका. सातारा-सांगलीच्या लोकांनी सुरुवात केली तर काय बिघडतंय? आमच्या माणात पाण्याचं, मेंढरांचं, चाऱ्याचं एकेक शब्द असं आहे की कोशात शोधून सापडायचं न्हाय.

मेणवली (वाई)
१५ डिसेंबर, संध्याकाळी ६:४०

पोवईनाका, तुम्ही वाट बघताय म्हटल्यावर लिहिणं आलंच. माणदेशी दादा, तुमची कळकळ खरी आहे आणि तिला उत्तर देऊनच मूळ मुद्द्याकडे येते.

विश्वकोश हा नोंद घेणारा असतो, घडवणारा नसतो. आपण दहा जणांनी इथं शब्द ठरवून लेखात टाकला तर तो विश्वकोशाच्या नावावर आपला ठराव झाला. त्याची वाट दुसरी आहे. जर्मनीत वर्षाचा शब्द निवडते ती भाषाविषयक संस्था, कोश छापणारा प्रकाशक नव्हे. पहिली निवड १९७१ सालची, आणि १९७७ पासून ती नियमित होते. अमेरिकेत अमेरिकन डायलेक्ट सोसायटी ही अभ्यासकांची संस्था १९९० पासून सभेत मतदान घेते. जपानात १९९५ पासून वर्षाचं एक चित्राक्षर निवडतात आणि क्योटोच्या कियोमिझू मंदिरात मुख्य पुजारी ते भल्यामोठ्या कागदावर कुंचल्याने लिहितात. तेव्हा मराठीत एखाद्या साहित्य संस्थेने, ग्रंथालयाने, महाविद्यालयाने हे मनावर घेतलं, रीत ठरवली, चार वर्षं सातत्याने चालवलं आणि वर्तमानपत्रांनी त्याची दखल घेतली, की लेखात विभाग आपोआप येईल. तुम्ही त्यासाठी वेगळा धागा काढा, मी पहिली येईन. माणातले शब्दही तिथं नक्की लिहा, ते नोंदले गेलेच पाहिजेत.

आता लेखाबद्दल. मी वाईची, मराठी विश्वकोशाच्या गावची. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. ते खंड उघडून बघा, नोंद कशी बांधलेली असते ते. पहिल्या वाक्यात विषय काय आहे ते सांगून टाकायचं. कौतुक नाही, प्रास्ताविक नाही. मग इतिहास, मग प्रकार, मग मतभेद असतील तर ते. आणि नोंदीच्या शेवटी ती लिहिणाऱ्याचं नाव. माझ्या मते त्या नावात सगळं आलं. लिहिलेल्या प्रत्येक विधानाची जबाबदारी एका माणसाच्या शिरावर असायची.

विकिपीडियावर लेखाखाली असं नाव नसतं. मग ती जबाबदारी कुणाची? प्रत्येक विधानामागे दिलेल्या संदर्भाची. म्हणून अजिंक्यपायथा जे सांगतायत तो केवळ नियम आहे म्हणून पाळायचा, असं समजू नका. माणूस पडद्याआड गेला की पुरावाच पुढे उभा करावा लागतो. आपल्या मुलांना हे लेख सुधारताना समजलं तर परीक्षेतल्या एका गुणापेक्षा ते फार मोठं आहे.

मसुद्याचं पहिलं वाक्य सध्या असं आहे: 'दरवर्षी संपूर्ण जग ज्याची आतुरतेने वाट पाहते असा हा सन्मान आहे.' हे काढून टाका. मी असं लिहीन: 'ऑक्सफर्ड वर्षाचा शब्द ही ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या कोशविभागाकडून इंग्रजी भाषेतील एका शब्दाची किंवा शब्दसमूहाची केली जाणारी वार्षिक निवड आहे.' 'शब्दसमूह' मुद्दाम घातला. 'क्लायमेट इमर्जन्सी', 'ब्रेन रॉट', 'रेज बेट' हे एकेक शब्द नाहीतच.

माणदेशी
१५ डिसेंबर, संध्याकाळी ७:०२

ताई, पटलं. वेगळा धागा काढतो. तुम्ही येणार म्हणालात ते ध्यानात ठेवतोय.

आयर्विन (सांगली)
१५ डिसेंबर, रात्री १०:५०

मेणवली ताईंचं वाक्य घ्या, त्यात एकच भर. 'इंग्रजी भाषेतील' म्हटलं की हिंदीचं काय करायचं ते सांगावं लागेल. ऑक्सफर्डने हिंदीसाठीही वर्षाचे शब्द जाहीर केले आहेत: २०१७ ला 'आधार', २०१८ ला 'नारी शक्ती', २०१९ ला 'संविधान', २०२० ला 'आत्मनिर्भरता'. मराठी वाचकाला हे जवळचे आहेत, सगळे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातले. यांचा छोटा पण स्वतंत्र विभाग हवा. इथं तारखेचा एक सापळा आहे. २०१७ चा शब्द जाहीर झाला जानेवारी २०१८ मध्ये, जयपूरच्या साहित्य महोत्सवात. २०२० चा जाहीर झाला फेब्रुवारी २०२१ मध्ये. नोट्समध्ये 'आधार' कधी २०१७ पुढे तर कधी २०१८ पुढे दिसतो, त्याचं कारण हेच. या तक्त्यात 'कोणत्या वर्षाचा' आणि 'केव्हा जाहीर' असे दोन रकाने पाहिजेतच.

'टीका' हा विभाग मसुद्यात नाही, तो लागेल. सगळ्यात बोलकं उदाहरण २०१७ चं. 'यूथक्वेक' (तरुणांनी घडवलेली मोठी उलथापालथ) हा शब्द १९६५ चा, 'व्होग'च्या संपादिका डायना व्रीलंड यांनी फॅशनच्या संदर्भात वापरलेला. २०१७ च्या ब्रिटिश निवडणुकीत तरुणांनी भरभरून मतदान केलं अशी चर्चा झाली, शब्द पुन्हा वर आला आणि ऑक्सफर्डने तो निवडला. हा शब्द आम्ही कधी कुणाच्या तोंडी ऐकला नाही, असं तेव्हाच अनेकांनी म्हटलं. पुढे जानेवारी २०१८ मध्ये ब्रिटिश इलेक्शन स्टडीच्या अभ्यासकांनी आकडे तपासले आणि तरुणांच्या मतदानात तशी मोठी उसळी आल्याचा पुरावा नाही असं मांडलं. म्हणजे शब्दाचा वापर वाढला हे खरं, पण तो ज्या घटनेचं वर्णन करत होता तीच वादात सापडली. कोशकार वापर मोजतो, घटनेची शहानिशा करत नाही. लेखात हे दोन वाक्यांत, कुणाची बाजू न घेता यायला हवं.

२०१५ च्या इमोजीवरही वाद झाला, की चित्राला शब्द म्हणायचं का. ती निवड एका मोबाइल कीबोर्ड कंपनीच्या आकडेवारीवर आधारलेली होती. त्या वर्षी ब्रिटनमध्ये वापरलेल्या सगळ्या इमोजींत या एका चेहऱ्याचा वाटा २० टक्के निघाला, अमेरिकेत १७ टक्के. तक्त्यात चित्र दिसो न दिसो, शेजारी 'आनंदाश्रूंचा चेहरा' असं अक्षरांत लिहा. जुन्या फोनवर बघणाऱ्यांना आणि वाचून दाखवणारं यंत्र वापरणाऱ्या अंध वाचकांना तेच उपयोगी पडेल.

खटावची_लेक
१६ डिसेंबर, सकाळी ८:३०

आयर्विन सर, एक शंका. वर्षाचा शब्द म्हणून निवडला म्हणजे तो डिक्शनरीत गेला, असंच आम्ही समजतो. सराव प्रश्नांतही 'खालीलपैकी कोणता शब्द ऑक्सफर्ड शब्दकोशात समाविष्ट झाला' असं विचारतात आणि पर्यायांत वर्षाचे शब्द देतात. हे बरोबर आहे का?

आयर्विन (सांगली)
१६ डिसेंबर, दुपारी १:१०

नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रश्न उत्तम विचारलात. कोशात शब्द घेताना वेगवेगळ्या ठिकाणचा आणि टिकलेला वापर बघतात, त्याला वेळ लागतो. वर्षाचा शब्द निवडला म्हणून त्याला कोशात राखीव जागा मिळत नाही. २०१० चा अमेरिकेतला शब्द 'रेफ्युडिएट' घ्या. अमेरिकन राजकारणी सारा पेलिन यांच्या एका ट्वीटमुळे तो गाजला, 'रेफ्यूट' आणि 'रेप्युडिएट' यांची मिसळ होऊन झालेला. निवड जाहीर करतानाच, तो कोशात घेण्याचं नक्की ठरलेलं नाही असं सांगितलं होतं. उलट 'टॉक्सिक'सारखे शब्द कोशात आधीपासून होतेच. तेव्हा प्रश्नच चुकीचा बांधलेला आहे. तुम्ही हे प्रस्तावनेत एका वाक्यात घाला, तुमच्यासारख्या वाचकाला ते सगळ्यात आधी दिसायला हवं.

हळदबाजार (सांगली)
१६ डिसेंबर, दुपारी ३:२५

+१. आणि उमेदवार शब्दांची गल्लत टाळा. 'डिम्युअर' आणि 'स्लॉप' हे २०२४ ला ऑक्सफर्डच्या सहा शब्दांच्या यादीत होते, जिंकले नाहीत. पण त्याच २०२४ ला डिक्शनरी डॉट कॉमने 'डिम्युअर' निवडला, आणि मेरियम-वेबस्टरने यंदा, २०२५ ला 'स्लॉप'. तिन्ही बातम्या एकाच पानावर वाचणारा हमखास गोंधळणार. निवड झालेला शब्द तक्त्यात, उरलेले फक्त मजकुरात.

पोवईनाका (सातारा)
१७ डिसेंबर, रात्री ९:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज अभ्यासिकेत बसून मसुदा पुन्हा लिहिला. खटावची_लेक आणि तिच्या दोन मैत्रिणींनी तक्ता लावला, मी मजकूर. प्रस्तावना आता अशी झाली आहे, बघून सांगा:

'ऑक्सफर्ड वर्षाचा शब्द ही ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या ऑक्सफर्ड लँग्वेजेस या विभागाकडून इंग्रजी भाषेतील एका शब्दाची किंवा शब्दसमूहाची केली जाणारी वार्षिक निवड आहे. यादी २००४ पासूनची असून २०१२ पर्यंत ब्रिटन व अमेरिका यांसाठी बहुतेक वर्षी स्वतंत्र शब्द निवडले गेले. २०१५ मध्ये शब्दाऐवजी इमोजी निवडण्यात आली, तर २०२० मध्ये एकच शब्द निवडण्यात आला नाही. २०२२ पासून निवडप्रक्रियेत लोकांची मते घेतली जातात. निवड झालेला शब्द शब्दकोशात समाविष्ट होतोच असे नाही. मेरियम-वेबस्टर, कॉलिन्स, केंब्रिज इत्यादी कोशांच्या निवडी स्वतंत्र असतात.'

प्रस्तावनेनंतर लगेच तक्ता, मग निवडीची पद्धत, हिंदी शब्द, टीका, असा क्रम ठेवलाय. टक्केवारी तक्त्यातून काढली. 'गाजली', 'जगभर', 'काळ टिपणारा' हे सगळं उडवलं.

राहिलेलं काम असं. २००४ ते २०१२ च्या ओळींना ऑक्सफर्डबाहेरचा एकेक संदर्भ लागतो, ते खटावची_लेक आणि जतकर बघतायत. हिंदी विभागाच्या चारही जाहीर तारखा हिंदी वर्तमानपत्रांतून मिळवायला आयर्विन सरांनी होकार दिलाय. मेणवली ताई एकदा भाषा तपासतील. ते झालं की अजिंक्यपायथा लेख मुख्य नामविश्वात हलवतील आणि चर्चा पानावर या धाग्यातले मुद्दे थोडक्यात लिहून ठेवतील, म्हणजे पुढच्या डिसेंबरला नवा शब्द घालायला येणाऱ्याला रकाने असे का आहेत ते कळेल.

अजिंक्यपायथा (सातारा)
१७ डिसेंबर, रात्री १०:१५

प्रस्तावना चांगली झाली आहे. दोनच सूचना. 'केंब्रिज' लिहिलंय तिथं 'केंब्रिज डिक्शनरी' असं पूर्ण लिहा, नाहीतर दुवा गावाच्या लेखाला जाईल. आणि 'लोकांची मते घेतली जातात' या वाक्याला २०२२, २०२३, २०२४ असे तीन वेगळे संदर्भ जोडा, कारण आयर्विन सरांनी दाखवल्याप्रमाणे तिन्ही वर्षांची रीत वेगळी आहे. ते झालं की रविवारी हलवतो.